एका तडाख्यासाठी दोन वह्या: नॉरिचच्या ज्युलियनबाईंची पद्धत

आधी सामान सांगते, कारण कुठल्याही रेसिपीत लोक आधी तेच बघतात. एक शंभर पानी वही, एक दोनशे पानी वही, साधं बॉलपेन, एक सोललेली सुपारी, आणि तुमच्या आयुष्यातली एक अशी गोष्ट जी होऊन गेली पण अजून गळ्याखाली उतरलेली नाही. एकच हां. सगळं आयुष्य घेऊन बसलात तर चार दिवसांत वही माळ्यावर जाते, माझ्या अशा तीन गेल्यात.

पद्धत माझी नाही, सहाशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज बाईची आहे. म्हणजे तिने पद्धत म्हणून कुठे सांगितलेली नाही, ती तशी जगली आणि मी तिच्या जगण्यातून ही ओढून काढलीये. नॉरिचची ज्युलियन म्हणतात तिला. खरं नाव कोणी लिहून ठेवलं नाही, सेंट ज्युलियन नावाच्या चर्चला लागून असलेल्या खोलीत ती राहिली त्यावरून हे नाव पडलं असं मानतात, आपल्याकडे नाही का माणसाला वाडीच्या नावानेच ओळखतात, तसंच. जन्म १३४२-४३ चा. आपले नामदेव महाराज १३५० ला समाधिस्थ झाले तेव्हा ही सात-आठ वर्षांची पोर, आणि त्याच्या आदल्याच वर्षी नॉरिचमध्ये प्लेग येऊन अर्धंअधिक गाव घेऊन गेला होता. पुढे १३६१ ला परत, १३६९ ला परत. म्हणजे जी बाई नंतर "सगळं ठीक होईल" या वाक्यासाठी जगभर ओळखली गेली तिने लहानपणापासून काय बघितलं होतं ते आधी लक्षात घ्या, नाहीतर ते वाक्य सकाळच्या गुड मॉर्निंग मेसेजसारखं वाटतं.

आमच्या घरात गणपती, गौरी, शिमगा सगळं आहे, चर्चशी संबंध म्हणजे अलिबागला जाताना कोर्लईचं चर्च दिसतं तेवढाच. जाऊबाई म्हणाल्यासुद्धा, आपले संत काय कमी पडले का? कमी नाही पडले. पण संतांचे अभंग मला इतके पाठ आहेत की अर्थ लागायच्या आधीच चाल सुरू होते, आणि ही बाई अनोळखी असल्यामुळे हिचं नीट ऐकावं लागलं. शिवाय पुढे सांगते ती पागोळ्यांची गोष्ट वाचली आणि मला वाटलं ही बाई आमच्याच आळीतली आहे.

एकच गोष्ट निवडा

ज्युलियनचा सगळा पसारा एका दिवस-रात्रीवर उभा आहे. मे १३७३, वय साडेतीस, इतकी आजारी की शेवटचे विधी करून झालेले. पाद्रीबाबांनी क्रूस तिच्या डोळ्यांसमोर धरला, कमरेखालचं शरीर तर आधीच मेल्यासारखं, नजर अंधारत चाललेली, आणि त्या अवस्थेत तिला एकामागून एक दर्शनं व्हायला लागली. पहाटे चारच्या सुमाराला सुरू झाली, दिवसभरात पंधरा आणि पुढच्या रात्री सोळावं. ती जगली. सत्तरी ओलांडली तिने, १४१६ च्या एका मृत्युपत्रात तिच्या नावाने पैसे ठेवलेत. आणि त्या सगळ्या आयुष्यात तिने लिहिलं ते फक्त या एका घटनेबद्दल! दोनदा लिहिलं, पण दुसरा विषय नाही.

तर तुम्हीही एकच घ्या. माझी गोष्ट ३ जून २०२० ची. आमचं गाव श्रीवर्धनच्या जवळ, समुद्रापासून वाडी चालत पाच मिनिटं. निसर्ग वादळ दुपारी साडेबारा ते अडीचच्या मध्ये किनाऱ्यावर चढलं, ताशी शंभर-एकशेवीसचा वारा, आणि आमच्या आजेसासऱ्यांनी लावलेल्या पोफळी दोन तासांत काड्यापेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या. काही मुळासकट, काही मध्येच पिळवटून. मी आणि सासूबाई माजघरात पलंगाखाली, वरची कौलं एकेक करून उडत होती आणि प्रत्येक कौल गेलं की सासूबाई मोठ्याने आकडा म्हणत होत्या. का मोजत होत्या ते त्यांनाही माहीत नाही. एकोणनव्वदपर्यंत मी ऐकलं, नंतर आवाजच इतका वाढला की काही ऐकू येईना.

तुमची गोष्ट इतकी नाट्यमय असायची गरज नाही, वडिलांशी झालेलं एक भांडण, मोडलेलं लग्न, मुंबईची सुटलेली नोकरी, काहीही चालेल. ओळखायची खूण एकच: ती आठवली की तुम्ही लगेच विषय बदलता. पण एक सांगून ठेवते, गोष्ट अगदी ताजी असेल, झोप उडाली असेल, छातीत धडधडत असेल, तर वही नको, आधी डॉक्टरकडे जा किंवा निदान जवळच्या माणसाला सांगा. वही नंतर.

छोटी वही: फक्त दिसलं ते

ज्युलियनने पहिल्यांदा लिहिलं ते लहान, पंचवीस प्रकरणांचं. त्यात ती काय दिसलं ते सांगते, आणि कसं सांगते बघा. येशूच्या कपाळावरून ओघळणाऱ्या रक्ताचे थेंब सांगायचेत, तर म्हणते ते थेंब म्हणजे जोराचा पाऊस होऊन गेल्यावर वळचणीवरून पडणारं पाणी, इतकं दाट की माणसाला मोजता येऊ नये. आणि कपाळावर पसरताना ते गोल, हेरिंग मासळीच्या खवल्यांसारखे. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा, तिच्या भागात ढिगाने मिळायचा, यारमथ बंदर जवळच. (ही खवल्यांची आणि वळचणीची वाक्यं खरं तर तिच्या दुसऱ्या, मोठ्या लिखाणातली आहेत पण शिकायला इथेच लागतात म्हणून आधी सांगितली.)

मला हे वाचून काय झालं ते सांगता येणार नाही. देवाचं दर्शन झालेली बाई, आणि उपमा कुठून आणते तर पागोळ्या आणि मासळीचे खवले! माणिक-मोती नाही, सूर्य-चंद्र नाही. मासे साफ करताना मनगटाला चिकटून वाळतो ना तो खवला, तो.

तर छोट्या वहीचा पहिला नियम हा, की उपमा फक्त आपल्या अंगणातल्या. "काळजाचा ठोका चुकला", "आभाळ कोसळलं" असलं लिहायचं नाही, ते आपलं नाही, ते सिरियलमधलं आहे. मी पहिल्या दिवशी लिहिलं होतं की वादळानंतर भयाण शांतता पसरली. मग ते खोडलं आणि खरंच काय होतं ते आठवलं, तर शांतता नव्हतीच मुळी, पडलेल्या पोफळींच्या शेंड्यातून पाणी गळत होतं आणि वास येत होता तो ओल्या ताज्या लाकडाचा, गोडसर, विरी, म्हणजे पोफळीच्या झावळीच्या बुडाचं आवरण, फाडली की येतो तसा. लग्नाच्या मांडवात पाटावर बसल्यासारखा वास, आणि समोर सगळं आडवं. हे लिहिलं तेव्हा पहिल्यांदा रडायला आलं, वादळानंतर एकवीस दिवसांनी.

दुसरा नियम, अर्थ लावायचा नाही. "यातून मी शिकले की" असं वाक्य आलं की पेन खाली ठेवायचं. अर्थ लावायला अजून वेळ आहे, तिने वीस वर्षं घेतली, तुम्हाला काय घाई?

तिसरं म्हणजे आजूबाजूची माणसं लिहा. ज्युलियनच्या छोट्या लिखाणात एक ओळ आहे, तिची आई बिछान्याजवळ उभी होती आणि ही गेली असं समजून तिने लेकीचे डोळे मिटायला हात पुढे केला. इकडे लेक जिवंत, दर्शन बघतेय, आणि मध्येच आईचा हात डोळ्यांसमोर आल्याने तिला दिसायचं बंद होतंय याचं वाईट वाटतंय. मोठ्या लिखाणात हा प्रसंग नाही. छोटं लिहिलं नसतं तर ती आई आपल्याला कधी दिसली नसती. म्हणून त्या वेळी कोण कुठे उभं होतं, कोणाच्या हातात काय होतं, ते आत्ताच लिहून टाका, पुढे तुम्हीच ते गाळणार आहात.

आणि कसली लाज वाटली तेही लिहा. दर्शनं झाल्यावर एक धर्मपुरुष तिला भेटायला आला, कशी आहेस म्हणाला, तर ही म्हणते, आज मी बरळले हो. तो हसला. मग तिने सांगितलं की क्रूसातून रक्त वाहताना दिसलं, आणि तो एकदम गंभीर झाला, तशी ही शरमली, की याने माझ्यावर विश्वास ठेवला आणि मीच माझ्या बघण्याला बरळणं म्हटलं. हे असं आपण सगळेच करतो. वादळानंतर आठ-दहा दिवसांनी रेंज आली, पुण्याहून नणंदेचा फोन आला, तर मी म्हटलं काही नाही हो, झाडं पडली थोडीफार. थोडीफार! पंचनाम्याला आलेल्या माणसाने पडलेली झाडं मोजली आणि वाकलेली सोडून दिली, त्याच्यावर मी आठवडाभर चिडले होते, पण मी तर पडलेलीही मोजली नव्हती.

छोट्या वहीला महिना पुरे. रोज नको, जमेल तसं. एक पान झालं की झालं.

सुपारी हातात घेऊन बसणं

हे सगळ्यात सोपं आहे आणि लोकांना सगळ्यात वेडपट वाटतं. पहिल्याच दर्शनात ज्युलियनला तळहातावर एक बारीकशी गोल वस्तू दिसली, हेझलनटएवढी. हे काय असेल, असं तिने मनात विचारलं तर उत्तर आलं की जे जे निर्माण झालंय ते सगळं हेच. आणि तिला आश्चर्य कशाचं वाटलं, तर एवढंसं आहे मग टिकतं कसं, आत्ता नाहीसं होईल असं वाटतं इतकं ते लहान. उत्तर आलं की देवाचं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून टिकतं. तीन गोष्टी तिने त्यात बघितल्या: देवाने ते केलं, देव त्याच्यावर प्रेम करतो, देव ते सांभाळतो.

हेझलनट आपल्याला चॉकलेटातच माहीत. मी सुपारी घेते, आमच्याकडची रोठा सुपारी, सोललेली, आणि तीसुद्धा वादळात पडलेल्या झाडावरची शेवटची. तुमच्याकडे काजूची बी असेल, रातांब्याची असेल, वाळूतला शिंपला असेल, काहीही चालेल पण मुठीत मावणारं हवं आणि तुमच्या गोष्टीशी त्याचं नातं हवं. सकाळी वाडीला पाटाचं पाणी सोडून आल्यावर नाहीतर रात्री भांडी आवरल्यावर पाच मिनिटं ती तळहातावर ठेवायची आणि बघायची. डोळे मिटायचे नाहीत, ध्यानधारणा नाहीये ही, बघणंच आहे. सुपारीच्या बुडाशी एक फिकट वर्तुळ असतं, वर नक्षीसारख्या रेषा असतात, अडकित्त्याने कातरली तर आतही तीच नक्षी निघते, पांढरी आणि तांबूस.

मग तिने बघितलेल्या त्या तीन गोष्टींवरून तीनच प्रश्न विचारायचे: हे आलं कुठून, हे कोणाला प्रिय आहे, हे टिकलंय कशामुळे. देव मानत असाल तर उत्तर एका दिशेने जाईल, नसाल तर दुसऱ्या, ज्युलियन काही रागावणार नाही. माझं पहिल्या दिवसाचं उत्तर असं होतं की आजेसासऱ्यांनी रोप लावलं, सासऱ्यांनी शिंपलं, आणि टिकली ती माझ्यामुळे नाही, कारण मी तर मुंबईहून लग्न होऊन आले तेव्हा पोफळ आणि माड यातला फरक ओळखत नव्हते. हे मला आधी कधी सुचलं नव्हतं. मी वाडीला माझी म्हणून रडत होते.

दिवसाचं उत्तर एका ओळीत वहीच्या मागच्या पानावर लिहायचं. कधीकधी उत्तर येतच नाही, नुसती सुपारी दिसते. तेही लिहायचं: आज सुपारी.

तीन खिडक्या

आता खोलीबद्दल. ज्युलियन पुढे अँकोरेस झाली, म्हणजे चर्चला लागून एका खोलीत स्वतःला कायमचं कोंडून घेतलेली बाई. त्या काळी असं कोंडून घेताना मृताचे विधी करायचे, म्हणजे ही आता जगाला मेली. सासूबाईंना सांगितलं तर त्यांचं पहिलं वाक्य, "अगं बाई, स्वतःहून कोंडून घेतलंन? मग जेवणखाण कोण द्यायचं?"

कोकणातल्या बाईने विचारावा असाच प्रश्न, आणि याचं उत्तर चक्क कागदोपत्री आहे. १४०४ च्या एका मृत्युपत्रात ज्युलियनला १२ पेन्स आणि तिच्याबरोबर राहणाऱ्या सारा नावाच्या बाईला ८ पेन्स ठेवलेत. सारा होती. नंतरच्या एका मृत्युपत्रात अ‍ॅलिस नावाची आधीची मोलकरीणही येते. म्हणजे एकांत वगैरे जो काय होता तो कोणीतरी डबा पोचवत होतं म्हणून होता. हे मी मुद्दाम सांगते कारण "स्वतःसाठी वेळ काढा" असं सांगणाऱ्यांच्या घरात ती सारा कोण असते ते कोणी सांगत नाही. तुम्हाला पाऊण तास मिळणार असेल तर तो कोणाच्या पाऊण तासातून येतोय ते बघा आणि परतफेड करा. मी शनिवारी लिहायला बसते तेव्हा सासूबाई चुलीकडे असतात, मग रविवारी त्या झोपाळ्यावर आणि मासे साफ करायला मी.

अशा खोलीला साधारण तीन खिडक्या असत. एक चर्चकडे उघडणारी, तिच्यातून प्रार्थना दिसायची. एक मोलकरणीकडची, जेवण आत आणि खरकटं बाहेर. आणि तिसरी रस्त्याकडची, जिथे लोक येऊन आपली दुःखं सांगायचे, तिला काळा पडदा आणि त्यावर पांढरा क्रूस. पडदा होता, भिंत नव्हती, हे मला फार आवडतं.

आपल्या घरात हे आधीपासून आहेच. देवघर, मागचं दार, पुढची ओटी. करायचं इतकंच की वहीच्या वेळेत आपण कुठल्या खिडकीशी आहोत ते ठरवायचं आणि बाकी दोन्हींवर पडदा ओढायचा. मोबाईल ही ओटीवरची खिडकी, तो ओटीवरच ठेवायचा, खरोखर उठून नेऊन ठेवायचा, उलटा करून शेजारी ठेवलेला चालत नाही, मी करून बघितलंय. गॅसवर दूध असेल तर वही उघडायचीच नाही. आणि कोणी रडत ओटीवर आलं तर वही मिटायची, पडदा उघडायचा, कारण ज्युलियननेही तेच केलं. १४१३ च्या सुमाराला लिनहून मार्जरी केम्प नावाची बाई तिला भेटायला आली, चौदा मुलांची आई, देवाच्या नावाने भर चर्चमध्ये मोठमोठ्याने रडायची म्हणून गावाने ओवाळून टाकलेली. लिन ते नॉरिच साठ-सत्तर किलोमीटर तरी, म्हणजे श्रीवर्धनहून माणगावला जाऊन पुढे आणखी थोडं. मला दिसतं ते खरं की भ्रम, हे विचारायला आली होती, बरेच दिवस दोघी बोलत बसल्या. ज्युलियनने तिला वेड्यात काढलं नाही. स्वतः एकदा "मी बरळले" म्हणालेली बाई दुसरीला बरळतेस म्हणणार नाही ना.

जाता जाता एक गंमत. अशा बायकांसाठी तेराव्या शतकातलं नियमांचं एक पुस्तक होतं, त्यात लिहिलंय की प्राणी पाळू नका, फार तर एक मांजर. गाय का नको त्याचं कारण फर्मास आहे: गाय ठेवली की चारा बघावा लागतो, गुराख्याची मजुरी, ती कोंडवाड्यात गेली की शिव्याशाप आणि वर दंड भरायचा. हे मी आमच्या शेजारच्या काकांना वाचून दाखवलं, त्यांची म्हैस दर श्रावणात कोणाच्या तरी वाडीत शिरते, ते म्हणाले बाईमाणसानेच लिहिलेलं असणार!

"सगळं ठीक होईल" हे वाक्य कसं वापरायचं

सांभाळून वापरायचं. तिचं ते प्रसिद्ध वाक्य तेराव्या दर्शनातलं, की सगळं ठीक होईल, आणि सगळं ठीक होईल, आणि सर्व तऱ्हेच्या गोष्टी ठीक होतील. पण हे वाक्य तिचं नाही, तिला सांगितलं गेलेलं आहे, आणि तिने ते मुकाट्याने घेतलेलं नाही. पापाने जगाचं इतकं नुकसान झालंय तर सगळं ठीक कसं होणार, असं ती परत परत विचारते. पाद्र्यांच्या शिकवणीत एक आणि तिला दिसलं ते दुसरंच, हे जमत नाही तर जमत नाही असं लिहून मोकळी होते. तिच्या शहरात १३८१ ला शेतकऱ्यांचं बंड झालं, ते तिथल्याच बिशपने, हेन्री डिस्पेन्सरने, हातात तलवार घेऊन मोडलं. हे सगळं खिडकीबाहेर चालू असताना त्या वाक्याशी झोंबत बसायचं म्हणजे काय.

म्हणून पहिली गोष्ट, हे वाक्य दुसऱ्याला ऐकवायचं नाही. वादळानंतर आमच्याकडे जो येईल तो हेच म्हणत होता, होईल हो सगळं ठीक, आणि उडालेल्या कौलांतून पाऊस आत येत असताना ते ऐकून मला ताडपत्रीची दोरी त्याच्याच गळ्यात घालावीशी वाटत होती.

स्वतःसाठी वापरायचं तर असं: डाव्या पानावर ते वाक्य लिहायचं आणि उजव्या पानावर त्याच्याशी भांडायचं. "कसं?" इथून सुरुवात. पोफळ लावल्यापासून सुपारी धरायला पाच ते आठ वर्षं, सासूबाई तेव्हा बहात्तरच्या, मग कसं ठीक होईल? कर्ज? ती तीन पानं वाचली तर सगळी शिवीगाळच आहे. ठेवली आहेत तशीच.

मोठी वही

आता ही उघडायची केव्हा, तर लगेच नाहीच. ज्युलियन म्हणते की पंधरा वर्षं आणि वर होऊन गेल्यावर तिला आतून उत्तर मिळालं की या सगळ्याचा अर्थ प्रेम हाच होता. आणि एक दृष्टांत असा होता की तो समजायला तीन महिने कमी वीस वर्षं लागली. हे हिशेबी आकडे तिनेच दिलेत, मला ते फार गोड वाटतात, जणू कॅलेंडरवर खुणा करत होती.

तो दृष्टांत धनी आणि चाकराचा. धनी बसलाय, चाकर उभा आहे. धनी प्रेमाने त्याला कामाला पाठवतो, चाकर नुसता जात नाही, धावत सुटतो, आणि त्या घाईत एका घळीत पडतो. जखमी होतो, कण्हतो, उठता येत नाही. पण सगळ्यात मोठं दुःख कोणतं, तर त्याला मान वळवता येत नाही. धनी अगदी जवळच आहे, प्रेमाने बघतोय, रागाचा लवलेश नाही, आणि ह्याला तेवढं वळून बघता येत नाही.

छोट्या लिखाणात हा दृष्टांत नाहीच. समजला नव्हता म्हणून तिने तो लिहिलाच नाही, पण टाकलाही नाही, जवळ ठेवला, चाकराच्या कपड्याचा रंग, तो किती जुना आणि आखूड, धनी कुठे बसलाय, एकेक तपशील वीस वर्षं चाळत राहिली. आणि मोठ्या लिखाणात तेच प्रकरण सगळ्यात लांब झालं. पंचवीसची शहाऐंशी प्रकरणं झाली, मजकूर सहापटीच्या आसपास गेला. पहिल्यात ती स्वतःला अडाणी, दुबळी बाई म्हणून माफी मागते, दुसऱ्यात ते वाक्य गायब. आणि दुसऱ्यात ती देवाला सरळ आई म्हणते, पानंच्या पानं. विठाई माउली म्हणणाऱ्या आपल्याला त्यात धक्का बसत नाही, पण तिकडे हे इतकं उलगडून सांगणं सोपं नव्हतं.

तर छोटी वही संपली की शेवटच्या पानावर "कळलं नाही" असा मथळा घालून त्याखाली जे अडलं ते फक्त खुणेपुरतं लिहा. माझ्या पानावर एकच ओळ आहे: सासूबाई कौलं का मोजत होत्या. मग वही बांधून ठेवा. वर्षातून एकदा, त्या तारखेला, उघडून वाचायची आणि पेन हातात घ्यायचं नाही. आम्ही ३ जूनला वाचतो, बहुतेक वेळा बाहेर पहिल्या पावसाच्या पागोळ्या असतात. ज्या वर्षी वाचताना वाटेल की हे असं नव्हतं, मी तेव्हा चुकीच्या बाजूला उभी राहून बघत होते, त्या वर्षी मोठी वही उघडायची आणि पहिल्या पानापासून परत सगळं लिहायचं, छोटीतलं उतरवून नाही, आठवून. ते वर्ष येईपर्यंत मोठी कोरीच राहू दे.

माझी अजून कोरी आहे. मात्र मागच्या वेळी वाचताना सासूबाई शेजारी होत्या, मी ती ओळ त्यांना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, तुझे सासरे गवंड्याला दर शेकड्याने पैसे द्यायचे ना, म्हणून मोजत होत्ये, किती शेकडे परत घालावे लागतील ते." पलंगाखाली, वर आभाळ दिसतंय, आणि बाई परत घालायच्या कौलांचा हिशोब करत होती. मी याखाली काहीच लिहिलेलं नाही, बघू.

वह्या ठेवायचं मात्र नीट बघा, आपल्या हवेत कागद पाच पावसाळ्यांत पिठूळ होतो. जेलपेनची शाई दमट हवेत फुटते, बॉलपेन किंवा शिसपेन्सिलच वापरा. लोखंडी कपाटात नको, तिथे गंज आणि कसर दोन्ही. बिस्किटांचा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा असतो तो घ्या, तळाला सुकवलेला कडुनिंबाचा पाला, वर वही जुन्या सुती पातळात गुंडाळून, आणि गणपतीनंतर ऊन पडलं की एकदा अंगणात वारं द्या. ज्युलियनचं मोठं लिखाण छापून आलं ते १६७० ला, तोवर हस्तलिखितं उतरवून जपण्यात फ्रान्समधल्या इंग्रज जोगिणींचा मोठा हात. आपल्याकडे कोणी उतरवून घ्यायला नाही, वाळवी मात्र आहे, तेव्हा डबा जमिनीवर ठेवू नका, फळीवर ठेवा, आणि सुपारी त्यात टाकू नका, तिला भुंगा लागतो.